हॉलमधलं ऑफिस: जून ते मार्च वापरून झाल्यावर

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या आमच्या टू बीएचकेत, हॉलच्या खिडकीपाशी, जूनमध्ये मी कामाचा कोपरा उभा केला. आता मार्च संपत आला. पावसाळा, थंडी आणि उन्हाची सुरुवात, सगळं त्याच टेबलावर काढलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवीन वस्तू घरात आली की पहिला महिना सगळंच छान वाटतं.

मी पुण्याच्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून करते. रोजचे आठ-नऊ तास, आणि महिन्याच्या काही ठरावीक तारखांना त्याहून जास्त. घरात नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. वेगळी खोली काढणं शक्य नव्हतं, त्यामुळे हॉलचा कोपराच घ्यायचा होता.

ज्यांना असं काही करायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की निदान वर्षभर भिंतीला काही ठोकू नका. आमचा सुतार म्हणत होता, "मॅडम, एकदाच फिक्स युनिट करून टाका. वर कपाट, खाली ड्रॉवर, विषय संपला." मी ऐकलं नाही, टेबल सुटंच करून घेतलं. आमची खिडकी दक्षिणेची. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे जून-जुलैत दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. तेव्हा ती जागा म्हणजे घरातली सगळ्यात शांत, एकसारख्या उजेडाची जागा होती. दसऱ्यानंतर ऊन हळूहळू आत यायला लागलं. डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम ४६ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन खिडकीपासून सहा-सात फूट आतपर्यंत फरशीवर येतं. सकाळी डावीकडून डोळ्यात, दुपारी स्क्रीनवर. एक्सेलमधले फिकट रंगाचे कॉलम दिसेनासे झाले. टेबल सुटं होतं म्हणून नवरा आणि मी मिळून पाच मिनिटांत ते दोन फूट आत सरकवलं आणि खिडकी बाजूला येईल असं फिरवलं. खिडकी समोर नको, पाठीमागे नको, बाजूला हवी. शिवाय एक पातळ पांढरा पडदा लावला. तेच भिंतीत ठोकलेलं युनिट असतं तर अख्खा हिवाळा पडदे ओढून, ट्यूबलाइट लावून बसावं लागलं असतं.

टेबलाच्या उंचीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण दुकानात याकडे कुणी बघतच नाही. बाजारातली तयार टेबलं २९-३० इंच उंचीची असतात. माझी उंची पाच फूट दोन इंच. पाय फरशीवर सपाट टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली, हात सैल सोडले, कोपर काटकोनात आणलं आणि मुलीला टेप लावायला सांगितलं. फरशीपासून कोपरापर्यंत साडेपंचवीस इंच भरलं. म्हणजे तीस इंची टेबलावर मी खांदे उचलूनच टाइप करणार, आणि संध्याकाळी मान धरणार. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची फ्रेम करून घेतली, पायांना खालून फिरवायचे बूट लावून घेतले, आणि वर १८ मिमीचा प्लाय, मॅट सनमायका. एकूण उंची २६ इंच. चकचकीत सनमायका मुद्दाम टाळला, त्यात ट्यूबलाइट दिसते.

टेबल बुटकं केलं की वरच्या फळीखाली ड्रॉवर चालत नाही, मांड्या अडकतात. म्हणून तीन खणांचं चाकांचं वेगळं पेडेस्टल घेतलं. ते कधी डावीकडे असतं, कधी उजवीकडे, आणि पाहुणे आले की सरळ बेडरूममध्ये जातं. दुसरं म्हणजे प्लायच्या चारही कडा, मागची न दिसणारी धरून, पट्टी लावून बंद करून घ्या. मागची कड भिंतीकडे जाते म्हणून सुतार सोडून देतात, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. ऑगस्टमध्ये आमच्या त्या भिंतीला हात लावला तर गार आणि दमट लागायची. टेबल भिंतीपासून तीन इंच लांब ठेवलं होतं, फळीला काही झालं नाही. त्याच फटीतून सगळ्या वायरी खाली जातात, हा आणखी एक फायदा.

खुर्चीवर टेबलापेक्षा जास्त खर्च केला आणि तो योग्यच होता. जाळीच्या पाठीची, कंबरेचा आधार वर-खाली होणारी, हात उंचीला बदलणारे. दुकानात दोन मिनिटं बसून कळत नाही. मी तिथेच अर्धा तास बसून फोनवर काम केलं, दुकानदाराने चहासुद्धा दिला. खुर्चीची बैठक पुढे-मागे किती खोल आहे ते बघा: पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे तीन-चार बोटं शिरली पाहिजेत. बुटक्या माणसाला मोठी भपकेदार खुर्ची घेतली की पाठ टेकतच नाही, मग त्या कंबरेच्या आधाराचा उपयोग शून्य. इतक्या महिन्यांत गॅस लिफ्ट व्यवस्थित आहे, जाळी सैल पडलेली नाही. उजव्या हाताच्या पॅडचा वरचा थर मात्र सोलायला लागलाय.

लॅपटॉप स्टँडवर, शेजारी २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस वेगळे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर. यात नवीन काही नाही, पण दोन स्क्रीनवर बँक स्टेटमेंट आणि टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शेजारी-शेजारी उघडून जुळवणी करताना जो वेळ वाचतो, तो महिनाअखेरीला फार मोलाचा असतो.

आता विजेचं. मे-जूनच्या वळवात आणि पावसाळाभर आमच्याकडे वीज दोन-दोन मिनिटांसाठी जाते-येते. इन्व्हर्टर आधीपासून होता, तरी वीज गेली की कॉल तुटायचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला काही फरक पडत नाही. बंद पडून पुन्हा सुरू होतो तो राउटर, आणि मग पुढची दोन-तीन मिनिटं गेली. इलेक्ट्रिशियन दादांनी इन्व्हर्टरच्या मागचं एक छोटं बटण दाखवलं. बहुतेक इन्व्हर्टरला दोन मोड असतात. एकात व्होल्टेज बरंच वर-खाली झालं तरी इन्व्हर्टर मेन लाइनवरच राहतो, पण वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ घेतो. दुसरा यूपीएस मोड, त्यात बदल इतका झटकन होतो की राउटरला कळतही नाही. आमचा पहिल्यावर होता. बटण सरकवलं आणि तो त्रास संपला. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरी जास्त वापरली जाते, एवढं ध्यानात ठेवावं. १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आहे, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, एक पंखा आणि एक दिवा मिळून सुमारे १९० वॉट होतात. मधली गळती धरून पाच-साडेपाच तास निघतात. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायचं काम मी मोबाइलवर आठवण लावून ठेवलंय.

टेबलासाठी इन्व्हर्टरची वेगळी लाइन ओढून तिथे चार सॉकेटचा बोर्ड बसवला, अर्थिंग तपासून घेतलं. लेझर प्रिंटर मात्र त्या बोर्डावर लावू नका. कागदावर शाई पक्की करायला त्याच्या आतला रोलर तापवावा लागतो, तेव्हा तो एकदम भरपूर वीज ओढतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो. माझा प्रिंटर थेट लाइनच्या सॉकेटवर आहे.

इंटरनेटला वायर हाच उपाय. राउटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीजवळ. तिथून स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीतून कॅट-६ केबल टेबलापर्यंत आणली. वाय-फायवरही स्पीड दिसायचा, पण मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंची मालिका एकाच वेळी सुरू झाली की व्हिडिओ अडखळायचा. ओएनटी (फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नोव्हेंबरात आमच्या गल्लीत रस्ता खोदताना फायबर तुटली आणि दोन दिवस नेट नव्हतं. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट कामी आला. घरातले सगळे फोन एकाच कंपनीचे असू नयेत, हे घरून काम करणाऱ्याने पाळावंच.

कागद. अकाउंट्सवाल्याच्या टेबलावर कागदच जास्त. "पेंडिंग", "झालेलं" अशा नावांचे ट्रे मला कधीच पटले नाहीत, दोन्ही भरून वाहतात. मी ट्रेवर तारखा लिहिल्या: ७, ११, १५, २०. सातला टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर) भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), पंधराला कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ईएसआय (आरोग्य विमा), वीसला जीएसटीआर-३बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न). कागद हातात आला की तो कोणत्या तारखेचा एवढंच ठरवायचं. तारीख उलटली की ट्रे रिकामा आणि कागद त्या महिन्याच्या बॉक्स फाइलमध्ये. सध्या सातचा ट्रे तेवढा नेहमीसारखा वागणार नाही, कारण मार्चच्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. या एका गोष्टीने माझं टेबल संध्याकाळी खरोखर मोकळं होतं आणि मुलगी तिथे गृहपाठाला बसते. तिलाही ती उंची बरोबर होते.

हॉलमध्ये काम म्हणजे घरच्यांची साथ लागतेच. सुरुवातीला सासूबाई मीटिंग चालू असताना विचारायच्या, "अगं, भाजी कुठली टाकू?" त्यांना कसं कळणार मी कॉलवर आहे की नुसती आकडे बघतेय? मग ठरवलं, टेबलावरचा दिवा लागलेला असला की मीटिंग. तेव्हापासून दिवा दिसला की त्या कुकरसुद्धा थोडा थांबवतात. खंडेनवमीला त्यांनी आपणहून टेबल पुसलं, लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपलं काम घरात कामच मानलं जातंय, याची खूण ती.

गणपतीआधी मागच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू होतो. नाशिक ढोल पडद्याने अडत नाही. तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट त्यासाठीच घ्यावा. समोरच्याला माझा आवाज स्वच्छ जातो, मागचा ढोल अगदी बारीक.

थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागतात तेव्हा, आमची फरशीही बर्फासारखी होते. मोजे घालूनही पाय गारठायचे. सासूबाईंनी माळ्यावरचा शिसवी पाट काढून दिला, तो पायाखाली घेतला आणि खुर्ची तेवढीच वर केली. फेब्रुवारीत तो परत माळ्यावर गेला.

मॉनिटरचा आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर अधांतरी धरणारा दांडा, अजून घेतलेला नाही. स्टँडमुळे टेबलाची मधली जागा अडते, म्हणून हवा आहे. पण बहुतेक आर्म घडी घातल्यावर कोपरा मागे काढतात आणि माझ्याकडे मागे तीनच इंच आहेत. शिवाय क्लॅम्प १८ मिमीच्या फळीवर बसतो का आणि मागच्या पट्टीला दाबतो का, हेही बघायचंय. एप्रिलच्या रिटर्नमधून मोकळी झाले की माप घेऊन दुकानात जाईन.