कारमधल्या छोट्या अ‍ॅम्पची वायरिंग: फसलेलं किट आणि वेल्डिंग केबलचे आठ महिने

गेल्या दिवाळीनंतर जुन्या हॅचबॅकमध्ये चार चॅनेलचा लहान अ‍ॅम्प्लिफायर बसवला. दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) डिक्कीतल्या वुफरला, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला. अ‍ॅम्प उत्तम आहे. पण पहिले दोन महिने मी त्यालाच दोष देत होतो, आणि दोष होता त्याला वीज पोचवणाऱ्या वायरीचा.

साडेआठशे रुपयांचं तयार किट घेतलं होतं. पाकिटावर ‘८ गेज’ (वायरीच्या जाडीचं माप), लाल वायर करंगळीएवढी जाड. गावात फिरताना ठीक वाजायचं. रात्री मुंबईहून येताना कसारा घाटात एसी आणि हेडलाइट दोन्ही चालू असले, की ठोक्याला वुफर दबायचा. जानेवारीत बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळच्या काचेच्या फ्यूजचा होल्डर एका बाजूने वितळलेला, फ्यूज मात्र शाबूत. होल्डरची पकड सैल असली की गरम होतो तो सांधा. करंट मर्यादेतच असतो, मग फ्यूज उडणार कशाला?

नाशिकला द्वारकाजवळचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन ओळखीचे आहेत. त्यांनी वायरीचं टोक सोलून दाखवलं. ‘‘भाऊ, सगळी जाडी रबराचीच आहे, आत बघा.’’ आत थोड्याशा तारा, आणि ब्लेडने खरवडल्यावर तांब्याखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. खऱ्या ८ गेजमध्ये सुमारे ८.४ चौरस मिमी धातू असतो. इथे निम्माही नव्हता, आणि अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के वीज वाहून नेतं.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. हे प्रत्येकाने एकदा करावंच. इंजिन चालू ठेवलं, मोबाईलवरून ५० हर्ट्झचा सलग स्वर लावला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.५. मधले १.६ कुठे गेले? मीटरची एक पिन वायरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, असं तुकड्या-तुकड्याने मोजत गेलो. लाल वायरीत ०.७, फ्यूज होल्डरमध्ये ०.३ आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पची निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीत, चक्क ०.६. अर्थची वायर हातभर लांबीची, तरी एवढी गळती! स्क्रू रंगावरच आवळलेला होता. ज्यांचा वुफर दबतो त्यांनी अ‍ॅम्प बदलण्याआधी अर्थ बघावा, हे मी ठामपणे सांगतो.

नवीन वायर सातपूरला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात घेतली: १६ चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल. तारा बारीक असल्याने ती सहज वळते, वरचं रबर उष्णता आणि तेल सोसणारं. दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची टोकं) दाबून घेतले (नुसतं सोल्डर नको, दाबलेला सांधाच टिकतो). होल्डर पट्टीच्या फ्यूजचा घेतला, ४० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो, बॅटरीजवळचा वायरीसाठी. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात वायर घासून बॉडीला लागली, तर बॅटरीचा सगळा करंट तिथेच वाहील आणि डिक्कीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही नसेल. म्हणून त्या भोकात रबरी ग्रोमेटही बसवलं. हे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

अर्थसाठी डिक्कीच्या तळाचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, पण तो जिवाचा बोल्ट आहे, त्याला हात लावू नये. सिग्नलची आरसीए केबल उजवीकडून नेली, पॉवरची डावीकडून. स्पीकरमधून येणारी, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अर्थ नीट केल्यावरच बरीच कमी झाली होती, मग उरलीसुरलीही गेली.

खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आसपास. त्यानंतर एप्रिलचं ऊन झालं, पूर्ण पावसाळा झाला. घाटात एसी चालू असतानाही ठोका भरदार येतो. एकच कुरबूर: ही केबल दाराच्या पट्टीखाली मावताना त्रास देते, डावीकडची पट्टी अजून एका क्लिपवर किंचित उचललेली आहे.

गेल्या रविवारी पुन्हा मोजलं. त्याच स्वरावर एकूण फरक ०.२ व्होल्ट. होल्डर हाताला गार होता, अर्थचा बोल्ट मात्र पाव आटा आवळावा लागला.