स्टेप स्क्रीन की मल्टी-रेक: एसटीपीसाठी काय घ्यावं?

नगरपरिषदेच्या एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) 6 मिमीची फाइन स्क्रीन, म्हणजे येणाऱ्या पाण्यातला कचरा अडवणारी बारीक फटींची गाळणी, बसवायची म्हटलं की गाडी बहुतेक वेळा या दोन प्रकारांवर येऊन थांबते. मी दोन्ही चालवल्या आहेत आणि प्लांटच्या विस्ताराच्या वेळी निवडही मीच केली. कॅटलॉगमध्ये जे मिळतं ते इथे लिहीत नाही.

स्टेप स्क्रीनची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. हिच्यात पायऱ्यांच्या आकाराच्या पट्ट्या असतात, एक स्थिर आणि एक हलती अशा, आणि कचरा पायरी-पायरीने वर चढतो. पायऱ्यांवर कचऱ्याची गादी धरते आणि ती गादीच गाळणीचं काम करते. केस, दोरे, गुटख्याच्या पुडीचे तुकडे नुसत्या 6 मिमी फटीतून निसटतात, पण गादीत अडकतात. पुढच्या पंपांच्या इम्पेलरला केसांचा वेढा कमी बसतो. मल्टी-रेकमध्ये उभे बार असतात आणि चेनवर फिरणारे दातेरी रेक त्यांच्यातला कचरा ओढून वर नेतात. हे दाते बार सतत साफ करत असल्याने ही गादी नीट धरतच नाही. टायमरऐवजी पाण्याच्या पातळीतल्या फरकावर चालवली तर थोडा फरक पडतो, एवढंच.

माझं मन फिरलं ते वाळूमुळे. ग्रिट चेंबर (वाळू खाली बसवून काढणारी टाकी) स्क्रीनच्या नंतर असतो, म्हणजे सगळी वाळू आधी स्क्रीनलाच भेटते. पहिल्या जोराच्या पावसात खोदलेल्या रस्त्यांची माती आणि बारीक खडी गटारातून येते आणि सर्वांत खालच्या पायरीपाशी बसते. खडीचा एखादा तुकडा स्थिर आणि हलत्या पट्टीच्या मध्ये गेला की मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. रीसेट केलं की पुन्हा ट्रिप. हट्टाने चालवत राहिलं तर पट्टी वाकते. मग गेट बंद करा, पाणी बायपासला वळवा, चॅनेल उपसा, गॅस मीटर सोडा आणि हार्नेस बांधून माणूस खाली उतरवा. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला तर त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. भर पावसात आपल्या माणसाला तिथे उतरवणं मला नको झालं.

मल्टी-रेकचा दाता तळापर्यंत जाऊन खरवडून येतो. खडी बहुधा त्याच्याबरोबरच वर येते. अडकलीच तर रेक उलट फिरवून सुटते. चेनचा ताण, स्क्रेपर, गिअरबॉक्स ही कामं वरच्या प्लॅटफॉर्मवरून होतात. दोन्ही बाजूंच्या चेन सारख्या ताणलेल्या आहेत ना, हे मात्र बघत राहावं लागतं, नाहीतर रेक तिरका चालतो.

वाळू आधीच निघून येत असेल, किंवा डेअरीसारख्या कारखान्याचं पाणी असेल, तर स्टेप स्क्रीन चांगली चालेल असं मला वाटतं. एमबीआर (मेंब्रेनमधून पाणी गाळणारी शुद्धीकरण पद्धत) असेल तर मेंब्रेनच्या आधी याहून बारीक, छिद्रांच्या पत्र्याची स्क्रीन लागेलच. पण पावसाळ्यात रस्त्याचं पाणी गटारात शिरणाऱ्या गावाला मी मल्टी-रेकच सुचवेन. फक्त खाली स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) नसलेली, गाइड रेलवर वळणारी घ्या आणि टेंडरमध्ये तसं स्पष्ट लिहा. पाण्याखाली स्प्रॉकेट असेल तर वाळू त्याचा बुश खाते आणि तो बदलायला पुन्हा माणूस चॅनेलमध्येच उतरवावा लागतो.