कापसाच्या गाठींचा इलेक्ट्रॉनिक काटा: एका हंगामानंतरचा अनुभव

१७ जानेवारीला सकाळी प्रेसहाऊसमध्ये (सरकी काढलेली रुई दाबून गाठी करतात तिथे) गेलो तर प्रेसवाला काट्यापाशीच उभा. "भाऊ, रातच्या गाठी दिसूनच नाही राहिल्या." रात्रपाळीत दाबलेल्या ५८ गाठी समोर थप्पीला होत्या, मी हात लावून मोजल्या. रिपोर्टात मात्र रात्रीचा आकडा शून्य. अर्धा तास शोधल्यावर त्या सापडल्या १ जानेवारी २००० या तारखेखाली. पाळी सुरू होताच लाइट गेली होती, आणि परत आली तेव्हा इंडिकेटरचं (काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्याचं) घड्याळ पंचवीस वर्षं मागे गेलं होतं.

आमची विदर्भात वणीकडची २४ डीआरची (डबल रोलर जिनांची, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची) जिनिंग-प्रेसिंग. काटा ऑक्टोबर २०२४ मध्ये बसवला: प्लॅटफॉर्म, चार लोडसेल (वजन ओळखणारे सेन्सर), इंडिकेटर, लेबलचा प्रिंटर आणि मोबाइलवर रिपोर्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

वजनाबद्दल तक्रार नाही. शिक्क्याची २० किलोची दहा वजनं ठेवून महिन्यातून एकदा तपासतो, फरक १०० ग्रॅमच्या पुढे कधी गेला नाही. प्लॅटफॉर्मखाली रुईचा भुसा साचतो, तो दर रविवारी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवावा लागतो. लेबल ठीक.

प्रश्न तारखेचा आहे, आणि तो लहान नाही. २०२४-२५च्या या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि बाजार त्याच्याखाली, म्हणून कापूस सगळा सीसीआयकडे (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी भारतीय कापूस निगमकडे) वळला. आवारात पाय ठेवायला जागा नाही इतक्या कापसाच्या गंज्या (मोठे ढीग) लागल्या. सीसीआयचं काम घेतलं की कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती आणि घट किती, याचा रोजचा हिशोब द्यावा लागतो. करारात उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून किती रुई निघायला हवी ते, बांधलेला असतो, कमी पडलेली रुई आपल्या खिशातून जाते. खंडीचा (३५६ किलो रुईचा) भाव ५५ हजार धरला तर १७० किलोची एक गाठ २६ हजारांच्या घरात जाते. आणि इथे एका रात्रीच्या ५८ गाठी दुसऱ्याच वर्षात जाऊन बसलेल्या!

कंपनीला फोन केला. पहिलं उत्तर, "लाइट आली की तारीख हाताने टाका." रात्री अडीच वाजता थकलेल्या माणसाने सहा बटणं दाबून तारीख टाकायची, ही काय व्यवस्था झाली? दुसऱ्या फोनला सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल, १८ हजार. तिसऱ्या वेळी माणूस आला, त्याचे येण्याचेच साडेतीन हजार. जाताना त्याने खरं सांगितलं: आतला बटण सेल गेलाय. हातघड्याळात असतो तसा, चाळीस रुपयांचा सेल.

तरी तो बदलता येत नव्हता. सेल इंडिकेटरच्या आत, आणि इंडिकेटरला वैधमापनचं (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचं) सील. सील तोडलं की काटा पुन्हा तपासून शिक्का मारून घ्यायचा, तोवर वजन करायचं नाही. भर हंगामात दिवसाला सव्वाशे गाठी दाबत असताना काटा बंद ठेवायचा कसा? चाळीस रुपयांचा सेल सीलच्या आत ठेवणाऱ्याने जिनिंगमध्ये एक रात्र तरी काढायला हवी होती. शेवटी २,८०० रुपयांचा छोटा यूपीएस आणून काट्याला लावला. त्यानंतर तारीख एकदाही हलली नाही. पण हे पैसे मी का घालावेत, हा माझा प्रश्न आजही तसाच आहे.

जानेवारीअखेर मी ओळखीच्या दोन जिनवाल्यांना हा काटा घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते मत आता थोडं बदलतो.

रोजचा उतारा काढायचा म्हणून मी हट्टाला पेटलो होतो. रिपोर्टात एक दिवस २९ टक्के दिसायचा, दुसऱ्या दिवशी ३९. काट्याला शिव्या घालून झाल्यावर कारण सापडलं. यंत्राचा दिवस रात्री बाराला संपतो, आमचा सकाळी आठला. संध्याकाळी रेच्याला (जिनला) टाकलेल्या कापसाच्या गाठी पहाटे दाबल्या जातात आणि दुसऱ्या दिवसात मोजल्या जातात. सेटिंगमध्ये दिवस बदलण्याची वेळ मिळते, हे बसवायला आलेल्या माणसाने सांगायला हवं होतं. तिथे आठ टाकल्यावर आकडे बरेच सरळ झाले.

त्याच सेटिंगमध्ये "लॉट" नावाचा रकाना होता, मी तो चार महिने रिकामा ठेवला. फेब्रुवारीपासून त्यात गंजीचा नंबर टाकू लागलो. गंजीत किती कापूस गेला ते काटापट्ट्यांवरून (आलेल्या कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्यांवरून) माहीत असतं, गंजी संपली की तिच्या गाठी एका बटणावर. खरा उतारा गंजीचाच, दिवसाचा नव्हे, हे मला तेव्हा नीट कळलं. आमचे मुनीम कायम "पाच क्विंटलला एक गाठ" धरतात. ते ३४ टक्क्यांना बरोबर बसतं. फरदडीच्या (पहिलं पीक संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेल्या) कवडीवाल्या (किडक्या, नीट न फुललेल्या बोंडांच्या) कापसाला ३२ निघाला तर गाठीमागे पाच क्विंटल तीस किलोच्या वर कापूस लागतो, आणि वहीत तो फरक दिसतच नव्हता.

मार्चमध्ये दोन गंज्या लागोपाठ काढल्या. त्याच गावांचा माल, ओल दोन्हीत ९ टक्क्यांच्या आसपास, तरी दुसरीत उतारा जवळपास एक टक्क्याने कमी. आधी काट्यावर संशय घेतला, वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर. मग फिटरला घेऊन एकेका जिनखालची मूठभर सरकी उजेडात धरून पाहिली. १७ ते २० नंबरच्या चार जिनांची सरकी पांढरीफट्ट, रुई तशीच चिकटलेली. रोलरचं चामडं झिजून खाचा बुजल्या होत्या. रोलर बदलले, सुरी नव्याने बसवली, पुढच्या गंजीला उतारा परत जागेवर. सहाशे क्विंटलवर एक टक्का म्हणजे रोजच्या साडेतीन गाठी. काट्याची किंमत तिथेच वसूल झाली.

सरकीचा हिशोब या यंत्रात नाही. ती ट्रक भरला की भुईकाट्यावर मोजली जाते, तोवर ढिगात वाळते, म्हणून घटीचा पक्का आकडा आठ-दहा दिवस उशिराच मिळतो. ते मी वहीतच ठेवतो.

घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: घड्याळाचा सेल सीलच्या बाहेर आहे का, आणि दिवस बदलण्याची वेळ बदलता येते का. यूपीएस किमतीतच मागा.

आमची शेवटची गाठ मागच्या आठवड्यात दाबली, नंबर १४,२१२. त्यातल्या ५८ गाठींपुढे मी रजिस्टरमध्ये लाल शाईने खरी तारीख लिहिली आहे. वार्षिक शिक्क्यासाठी काटा परवा खोलला तेव्हा सेलही बदलून घेतला, पंचेचाळीस रुपये लागले. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख टाकून ठेवली आहे.