जिन्याखालचं भूकंपमापक: रास्पबेरी शेक वर्षभर वापरल्यावर

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा ६.३ चा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात मांडणीवरची पितळी भांडी खणाणली आणि आजीनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. मोठा धक्का एकच. पण त्यामागून येणारे हादरे थांबेनात, म्हणून कितीतरी रात्री आम्ही भर थंडीत बाहेर झोपलो. ते हादरे नेमके कुठून येतात, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे यंत्र घेतलं ते त्यासाठीच.

आयात कर धरून बऱ्यापैकी लॅपटॉपइतका खर्च आला. हातात मावेल एवढी पारदर्शक डबी, आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि एक जिओफोन. जिओफोन म्हणजे चुंबकाभोवती स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की चुंबक हलतो, वेटोळं मागं राहतं आणि तारेत वीज येते. सेकंदाला १०० नोंदी होतात. माझ्या मॉडेलला फक्त वर-खाली हालचाल कळते. आडवीही हवी असेल तर तीन जिओफोनचं घ्या.

जागेसाठी मात्र मी महिनाभर हैराण होते. माडीवर ठेवलं तर वॉशिंग मशीन, गच्चीवरची मांजर, सगळं उमटायचं. शेवटी जिन्याखालची एक शहाबादी फरशी काढली, खालच्या कोब्यावर यंत्र ठेवलं आणि वर खोकं पालथं घातलं. पडद्यावरची रेघ एकदम बारीक झाली. तरी दिवसा रस्त्यावरच्या बस दिसतात आणि विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशानं सगळा पडदा काळा होतो. खरं काम रात्री एक ते पाच.

दिवाळीनंतर एका पहाटेच्या नोंदीत आधी बारीक थरथर दिसली आणि ११ सेकंदांनी जाड लाट. पहिली लाट वेगवान, दुसरी संथ; म्हणून मधल्या सेकंदांना साधारण आठानं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं: ८८. कोयनानगर कोल्हापूरहून सरळ रेषेत ९० च्या आसपास! चहा तसाच निवला.

पण एका यंत्राला फक्त अंतर कळतं, दिशा नाही. केंद्र नेमकं धरायला किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात, आणि खोली कळायची तर एखादं यंत्र धक्क्याच्या अगदी जवळ हवं. मोठ्या भूकंपानंतरचे बारके हादरे तर एकात एक मिसळून येतात. ते सुटे करता आले की जमिनीतली फाटलेली भेग ठिपक्याठिपक्यांनी उमटते. म्हणूनच २०११ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी सुमारे दोनशे यंत्रं दाटीनं पेरली होती. हैतीत १४ ऑगस्ट २०२१ ला ७.२ चा भूकंप झाला तेव्हा नंतरच्या हादऱ्यांचा माग लोकांच्या घरांतल्या याच रास्पबेरी शेकनी काढायला मदत केली. आपल्याकडं कोयनेत सरकारी शास्त्रज्ञांचं जाळं आहेच, पण घराघरांतल्या यंत्रांचीही त्याला जोड मिळावी असं मला फार वाटतं.

दोन गोष्टी सांभाळा. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं; माझं एकदा गेलं आणि आठ दिवसांच्या नोंदी बुडाल्या. छोटा यूपीएस लावाच. दुसरं, घड्याळ. यंत्र इंटरनेटवरून वेळ घेतं. वेगवान लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, म्हणजे अर्ध्या सेकंदाची चूक तीन किलोमीटरला पडते. नेट भरवशाचं नसेल तर जीपीएस जोडा.

दुसरं यंत्र मागवलंय. ते पाटणला मावसभावाकडं बसवणार आहे. त्याच्या घराचं जोतं थेट काळ्या कातळावर आहे आणि रस्ता लांब. तिसऱ्यासाठी चिपळूण किंवा संगमेश्वरकडं कुणाकडं शांत तळमजला असेल तर जरूर कळवा.