कोळसा सोडायचाय, पण पैसा कोणाचा घ्यायचा?

कोळशावर वीज चालवणाऱ्या विकसनशील देशाला त्यातून बाहेर पडायला पैसा हवा असेल, तर सध्या तीन रस्ते जास्त चर्चेत आहेत. एक म्हणजे श्रीमंत देशांच्या गटाशी थेट भागीदारी, म्हणजे जेट-पी (जस्ट एनर्जी ट्रान्झिशन पार्टनरशिप). दुसरा आशियाई विकास बँकेची ऊर्जा संक्रमण यंत्रणा, ईटीएम. तिसरा क्लायमेट इन्व्हेस्टमेंट फंड्स या बहुराष्ट्रीय हवामान निधीचा कोळसा संक्रमण कार्यक्रम, एसीटी. तिन्हींच्या कागदांवर 'न्याय्य' हा शब्द आहेच, म्हणजे कामगारांना वाऱ्यावर सोडणार नाही असं वचन. यातलं काय मागायचं हे अर्थखात्यात, वीज कंपनीत किंवा कामगार संघटनेत बसून ठरवायचं असेल, तर माझ्या मते एकूण रकमेचा आकडा सर्वांत शेवटी बघावा. आधी विचारावं, यात फेडावं न लागणारं किती आहे, आणि ते कोणाच्या हातात पडणार आहे.

आकड्यांत जेट-पीला तोड नाही. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिकेला 8.5 अब्ज डॉलर जाहीर झाले. 2022 च्या नोव्हेंबरात इंडोनेशियाला 20 अब्ज, डिसेंबरात व्हिएतनामला 15.5 अब्ज. आता दक्षिण आफ्रिकेची रक्कम सोलून बघा. 8.5 अब्जांत अनुदान साधारण 33 कोटी, म्हणजे चारेक टक्के. सवलतीचं कर्ज 63 टक्के, उरलेलं बाजारदराचं कर्ज आणि हमी. त्या देशाच्या स्वतःच्याच आराखड्यानुसार पाच वर्षांची गरज होती दीड लाख कोटी रँड (तिथलं चलन), म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 98 अब्ज डॉलर. शिवाय कर्ज डॉलर-युरोत आणि विजेचं बिल रँडमध्ये. चलन घसरलं की 'सवलत' किती उरते, हे अर्थखात्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी अडचण राजकारणाची. देणारे देश म्हणजे देणारी सरकारं, आणि सरकारं बदलतात. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने या तिन्ही भागीदाऱ्यांतून अंग काढून घेतलं. बाकीचे देश टिकून राहिले, व्यवहार बुडाला नाही, पण आराखड्यात धरलेला पैसा गेला तो गेला.

तरी जेट-पी टाकाऊ नाही. पारेषण वाहिन्या, वीज कंपनीची पुनर्रचना, कायदे अशा देशभराच्या कामांना एकच टेबल मिळतं, हा तिचा खरा फायदा. फक्त त्या टेबलावर आपला आराखडा आधीच तयार हवा, नाहीतर समोरचे त्यांचा घेऊन येतात. आणि आराखड्यात काय सुटलंय तेही तपासा. इंडोनेशियाच्या 2023 च्या गुंतवणूक आराखड्यात निकेल कारखान्यांनी स्वतःपुरती उभारलेली कोळसा केंद्रं बाहेरच राहिली.

ईटीएमचा विचार वेगळा आहे, तो एकेका केंद्रापुरता. आशियातली बरीच केंद्रं तरुण आहेत, त्यांचे वीज खरेदी करार अजून वर्षानुवर्षं चालणारे. मालकाचं महाग भांडवल स्वस्त, दीर्घ मुदतीच्या पैशाने बदलायचं आणि बदल्यात केंद्र लवकर बंद करायचं वचन घ्यायचं. इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं 660 मेगावॉटचं सिरेबॉन-1 हा पहिला मोठा नमुना. 2042 ऐवजी 2035 मध्ये बंद करायचं 2023 च्या अखेरीस ठरलं, पण पुढच्या सह्या लांबतच गेल्या. फिलिपिन्समध्ये साऊथ लुझोनच्या 246 मेगावॉटच्या केंद्राचा याच धर्तीचा व्यवहार मात्र 2022 मध्येच पार पडला, तोही स्थानिक बँका आणि विमा संस्थांच्या पैशावर. केंद्र खासगी असेल, करार लांब असेल, तर हा मार्ग खरोखर कामाचा आहे. पण हा मुळात मालक आणि बँक यांच्यातला सौदा. कामगार त्यात आपोआप येत नाही, आणावा लागतो.

मग कामगाराचं काय होतं? दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटी बघा. 1960 च्या दशकातलं सरकारी केंद्र, शेवटचा वीजनिर्मिती संच 31 ऑक्टोबर 2022 ला थांबला. जागतिक बँकेने 49.7 कोटी डॉलर मंजूर केले. त्यात अनुदान 1 कोटी. जागेवर 150 मेगावॉट सौर, 70 मेगावॉट पवन, बॅटरी आणि प्रशिक्षण केंद्र असा बेत. बेत वाईट नव्हता, क्रम उलटा झाला. धुराडं आधी थंडावलं, नवं काम मागाहून यायचं होतं. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांवर बदली मिळू शकत होती. कंत्राटी माणसाला बदली कुठली? त्याचा ठेका संपला. केंद्राच्या पगारावर चालणारी दुकानं आणि भाड्याच्या खोल्या तर कोणाच्याच पटावर नव्हत्या. तिथल्या अध्यक्षीय हवामान आयोगानेही 2023 मध्ये तयारी उशिरा झाली आणि लोकांशी बोलणं कमी पडलं असाच निष्कर्ष काढला.

एसीटी याच दुखण्यावर बेतलेला आहे. धोरण, माणसं आणि पायाभूत सुविधा असे त्याचे तीन भाग, आणि पैसा विकास बँकांमार्फत येतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका यांच्यासाठी प्रत्येकी 50 कोटी डॉलरपर्यंत. रक्कम लहान, अटी सौम्य, कागदपत्रं भरपूर, वेग बैलगाडीचा. एक सावधगिरी: दक्षिण आफ्रिकेच्या त्या 8.5 अब्जांत या निधीची रक्कमही धरलेली होती. दोन योजनांची बेरीज करताना तोच डॉलर दोनदा मोजला जात नाही ना, हे बघावं.

मी ठरवणारा असतो तर जुन्या सरकारी केंद्रासाठी आधी एसीटीकडे गेलो असतो, तरुण खासगी केंद्रासाठी ईटीएमकडे, आणि जेट-पीकडे फक्त वाहिन्यांचा आराखडा हातात घेऊन. संघटनेच्या बाजूने बसलो असतो तर तिन्हीकडे एकच अट घातली असती: कंत्राटी कामगारांची नावनिशीवार यादी कर्जकराराला जोडा, आणि त्या यादीतल्यांना पर्यायी काम मिळाल्याशिवाय शेवटचा संच बंद करू नका.