दादरला पाहिलेलं नवीन नाटक: पहिला अंक भारी, दुसरा जरा ताणलाय

रविवारी आईला घेऊन शिवाजी मंदिरला गेलेलो. नाटकाची गोष्ट अशी: लालबागच्या चाळीतलं घर, १९८२ च्या गिरणी संपातून मनाने कधी बाहेरच न आलेले बाबा, आणि चाळिशीतली थोरली मुलगी एका रात्री कुणाला न सांगता दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडून सावंतवाडीला निघून जाते.

खरी मजा मागे राहिलेल्यांची आहे, आईला गॅसचा नंबर लावता येत नाही, भावाला बाबांच्या गोळ्या कुठल्या तेच माहीत नाही, अख्खं थिएटर हसत होतं आणि माझी आई एकदम गप्प (मी पण काही विचारलं नाही).

दुसऱ्या अंकात ती थोरली सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवायला शिकते, इथे स्वगतं फार झालीत यार, मी मला सापडले वगैरे तोंडाने कशाला बोलायला हवं, ब्रश धरलेला हात बघूनच कळतं की! पार्श्वसंगीत पण कानाला टोचतं.

शेवट सांगत नाही. तिकीट मात्र पुढच्या रांगेतलं काढा, बाबांचं काम करणारा नट बोलतो कमी आणि त्याचा चेहरा बाल्कनीतून दिसणार नाही.