स्टीलचा कॉफी फिल्टर : प्रवासात लागलेली चव घरी टिकवणारे भांडे

तंजावर, कुंभकोणम आणि मदुराई असा प्रवास करून आल्यावर आमच्या घरात एक गोष्ट कायमची बदलली, ती म्हणजे सकाळचे पहिले पेय. या बदलाचे श्रेय मी माटुंग्याच्या बाजारात घेतलेल्या स्टीलच्या कॉफी फिल्टरला देते. प्रवासात आवडलेली चव घरी परतल्यावर बहुधा काही दिवसांतच विरून जाते, कारण ती ज्या भांड्यावर, ज्या पुडीवर आणि ज्या वेळेवर अवलंबून असते, त्यातले काहीच आपल्याबरोबर आलेले नसते. या साध्या भांड्याने ती अडचण दूर केली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे घरोघरी कॉफी म्हणजे दुधात पूड आणि साखर एकत्र उकळून, वर जायफळ किसून घातलेले गोड पेय. ते मला आजही आवडते, पण त्यात कॉफीपेक्षा जायफळ आणि साखरच पुढे असते. तमिळनाडूत आणि कर्नाटकात पूड उकळतच नाहीत. तिचा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, वेगळा काढतात, दूध वेगळे तापवतात आणि दोन्ही पेल्यातच एकत्र येतात. पूड उकळली की सुगंध उडून जातो आणि कडवटपणा वाढतो, हे तिथली कॉफी प्यायल्यावर लगेच जाणवते.

फिल्टरचे भाग चारच आहेत : तळाला बारीक छिद्रे असलेले वरचे भांडे, अर्क साठवणारे खालचे भांडे, मधोमध दांडी असलेली छिद्रांची चकती आणि झाकण. वरच्या भांड्यात पूड घालून ती चकतीने हलकेच सपाट करायची, चकती तशीच राहू द्यायची, उकळी येऊन क्षणभर थांबलेले पाणी तिच्यावर सावकाश ओतायचे आणि झाकण ठेवायचे. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट, जवळजवळ काळा अर्क जमतो. चकती जोराने दाबली तर पाणी अडून बसते, मुळीच दाबली नाही तर ते भराभर खाली जाऊन अर्क फिका उतरतो. हा दाब हाताला लवकरच कळू लागतो.

पुडीची निवड फिल्टरइतकीच महत्त्वाची आहे. दक्षिणेत पुडीत चिकोरी मिसळण्याची पद्धत आहे. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळे. तिच्यामुळे पाणी सावकाश झिरपते आणि अर्काला दाटपणा व गडद रंग येतो. तिच्यात कॅफिन नसते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते, त्यामुळे पाकिटावरचे प्रमाण वाचूनच खरेदी करावी. माझ्या मते 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी हे प्रमाण दुधाच्या कॉफीला सर्वांत चांगले जुळते. निम्म्याच्या जवळ चिकोरी असलेली पूड स्वस्त पडते, परंतु तिच्या अर्काला सुगंध कमी आणि जळकट गोडसरपणा जास्त असतो. शक्य असेल तिथे पूड समोर दळून घ्यावी आणि थोडीच घ्यावी.

आता उणिवा. पाणी ओतल्यानंतर भांडे चटकन तापते आणि त्याला मूठ नसल्यामुळे फडक्याशिवाय हात लावता येत नाही. वरचे भांडे खालच्यात घट्ट रुतून बसण्याचा त्रासही होतो, म्हणून दुकानातच दोन्ही भांडी एकमेकांत बसवून आणि फिरवून पाहावीत. छिद्रांत पुडीचे तेलकट कण साचतात, तेव्हा छिद्रे ब्रशने गरम पाण्यात घासावी लागतात. पितळी फिल्टर दिसायला देखणा असतो, पण आतल्या कल्हईची काळजी घ्यावी लागते. रोजच्या वापराला स्टीलच बरे.

या भांड्याने आमच्या घरातल्या इतर सवयीही बदलल्या, याचे मला विशेष वाटते. अर्क रात्रीच लावून ठेवला की सकाळी फक्त दूध तापवायचे उरते, त्यामुळे डब्यांच्या घाईतही सगळे पाच मिनिटे एकत्र बसतात. साखर आपोआप कमी झाली, कारण चांगल्या अर्काची चव साखरेत बुडवावीशी वाटत नाही. दूध पातळ असेल तर कॉफी पाणचट लागते, म्हणून आता साय धरणारे दूध येते. सासूबाई मात्र सकाळी आल्याच्या चहावर ठाम आहेत आणि संध्याकाळचा चहा तर आम्हा सर्वांचाच कायम आहे. प्रवासाने जुनी आवड काढून घेतली नाही, तिच्या शेजारी दुसरी आणून बसवली.

ज्यांना उठल्याबरोबर दोन मिनिटांत पेला हातात हवा असतो आणि रात्रीची तयारी जमत नाही, त्यांनी हा फिल्टर घेऊ नये. इतरांना मी तो मनापासून सुचवीन, मात्र आकार माणसे मोजून निवडावा. मोठ्या फिल्टरमध्ये दोघांपुरती पूड घातली तर तिचा थर पातळ राहतो, पाणी त्यातून लगेच निसटते आणि कितीही चांगली पूड असली तरी अर्क फिकाच येतो.